मानेवरचा न निघणारा मळ

माझ्या मानेवर आईनं काय काय घासलं नसेल! वजरी घासली, लिंबाची सालं घासली, डाळीचं पीठ आणि साय लावून झालं, एकदा तर भांडी घासायची काथी घेऊन बसली. मी नऊ वर्षांची. न्हाणीत उकिडवी बसून बोंबलत असायची आणि आई म्हणायची, "गप बस की! पोरीची जात, अन् मानंवर मळाचा थर कसा बसलाय बघ. लोकं मला नावं ठेवतील." मान लालबुंद व्हायची, सोलवटून निघायची, पण काळा पट्टा होता तिथंच. काखेतही तसाच होता, काळपट आणि हाताला जाडसर लागणारा.

तो मळ नव्हता. हे एवढं एक वाक्य कुणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं का, मला ठाऊक नाही. पण मी हे लिहायला बसले ती त्याचसाठी. तुमच्या घरातल्या गुटगुटीत लेकराची मान कितीही घासली तरी काळीच राहत असेल, तर वजरी खाली ठेवा आणि माझं ऐका. मी काही डॉक्टर नाही. जे अंगानं भोगलं तेवढंच सांगते.

पाटावर बसायचं काम

आमचं घर तुळजापुरात, देवळाच्या मागच्या अंगाला. खाली आम्ही राहतो आणि वरच्या खोल्या यात्रेकरूंना देतो. पप्पा खोल्यांचं बघायचे, आई आणि आक्का नैवेद्याचं. आक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण. तरण्या वयातच माहेरी परत आल्या आणि तेव्हापासून घरावर त्यांचं राज्य. कुठल्या घराण्याच्या नैवेद्याला काय लागतं, कुणाची ओटी कशी भरायची, कुणाचा गोंधळ कधी, सगळं त्यांना तोंडपाठ. यात्रेकरू आधी आक्कांना भेटायचे, मग देवीला.

देवीच्या दर्शनाला आलं की कुळाचारात एक गोष्ट बहुतेकांची ठरलेली असते. कुमारिका जेवू घालायची. वयात न आलेली मुलगी पाटावर बसवायची, तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची आणि पुरणाचा स्वयंपाक वाढायचा. ती जेवली की देवी जेवली. आता बाहेरगावची माणसं कुमारिका आणणार कुठून? मी घरातच होते की. गोबरे गाल, वेणीत गजरा, बसले की पाट भरून जायचा. "हीच पोरगी पाहिजे, अगदी देवीवाणी दिसती," असा लोकांचा आग्रह. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा हे तर माझे कामाचे दिवस. नवरात्रात सकाळी एका कुटुंबाचं ताट आणि दुपारी दुसऱ्याचं, शिवाय शेजारच्या लॉजवरून निरोप यायचे ते वेगळेच.

यात एक ग्यानबाची मेख होती. पाटावर बसलेल्या मुलीनं 'पुरे' म्हणायचं नसतं. मी जरा तोंड फिरवलं की वाढणाऱ्या बाईचा चेहरा उतरायचा. आपलं काही चुकलं, देवी रुसली, असं तिला वाटायचं. मग आक्का मागून डोळे वटारायच्या. "खा गं. देवी उपाशी उठली तर लोकाच्या घराचं वाटोळं हुईल." घ्या आता! नऊ वर्षांच्या पोरीच्या पोटावर अख्ख्या कुटुंबाचं भलंबुरं. मी खायची. तुपानं निथळणारी पोळी, वर गुळवणी, वर खीर, आणि उठताना हातात पेढा.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मोठमोठी माणसं पाया पडतात म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? पण सोमवारी शाळेत गेलं की तीच देवी 'ढोल' व्हायची. पोट स्कर्टच्या पट्ट्यावरून पुढं यायचं. पीटीच्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून झाडाखाली बसायची.

आईचं माहेर सास्तूर. भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती. त्यानंतर कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. त्याबद्दल ती फार बोलत नाही. पण आमच्या घरात कुणाचं ताट रिकामं दिसलं की तिचा हात आपसूक भाकरीच्या टोपल्याकडं जातो. माझं वाटोळं पोट बघून तिला बरं वाटायचं. तिला कुणी दोष देऊ नका, मीही देत नाही.

सोलापूरच्या मॅडम

त्या वर्षीचं नवरात्र संपलं आणि माझ्या उजव्या कुशीत जड जड दुखायला लागलं. त्यातच ताप आला. ओवा झाला, हिंग झाला. आक्कांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. "सतरा गावची माणसं हिच्याकडं बघत्यात, नजर लागणारच," म्हणाल्या. ताप काही उतरेना. शेवटी पप्पा मला आणि आईला एसटीत घालून सोलापूरला घेऊन गेले.

लहान मुलांच्या त्या डॉक्टर मॅडम बोलायला फटकळ होत्या. मला त्यांची भीतीच वाटली. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी माझी वेणी बाजूला केली आणि मान बघितली. आई घाईघाईनं म्हणाली, "रोज घासते हो मॅडम, पर मळ निघतच न्हाय."

मॅडम आईकडं वळल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "घासू नका तिला. हा मळ नाही. आत जे चाललंय ते बाहेर दिसतंय."

आईचा हात तिच्या तोंडावर गेला. तिला काय आठवलं असेल ते मला आज कळतं.

मॅडमनी शिंप्याकडं असते तसली टेप काढली आणि माझी कंबर मोजली. वजन केलं, पण त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या ते टेपचं माप. मग रक्त, मग सोनोग्राफी. ताप होता म्हणून मला दाखल करून घेतलं. तापाचं कारण किरकोळ निघालं, पण त्याच्या निमित्तानं बाकीचं उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. लिव्हरवर चरबी चढलीय, लिव्हरला सूज आहे, रक्तातही सूज दिसतेय आणि साखर काठावर आहे.

पप्पांनी माझ्या हातापायांकडं बघितलं. "मॅडम, सूज तर कुठंच दिसत न्हाय."

"तीच तर भानगड आहे," मॅडम म्हणाल्या. "चूल विझली असं वाटतं ना, वर सगळी राख असते? हात घाला, मग कळतं. हिच्या पोटातली चरबी तशी आहे. ती नुसती पडून राहत नाही, धुमसत असते. त्याची धग लिव्हरला लागते, रक्तात उतरते. बाहेरून मूल छान गुबगुबीत."

"मग गोळी द्या की," आई म्हणाली.

"गोळी नाही. ताट बदला आणि पोरीला चालवा. लहान आहे, आत्ता केलं तर लिव्हर मागं वळतं. नाही केलं तर पुढं जाऊन..." मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

मला त्या सोडलेल्या वाक्याचीच भीती बसली. खाली चहाच्या टपरीवर पप्पांना विचारलं, "पप्पा, मी मरणार का?" पप्पा म्हणाले, "येडी का खुळी तू!" आणि चहाचे पैसे द्यायला म्हणून तोंड फिरवून उभे राहिले. चहावाला पलीकडच्या गिऱ्हाईकाशी बोलत होता, तरी ते बराच वेळ तसेच उभे होते.

भूक

दवाखान्यातले दिवस मला आठवतात ते सुईनं आणि भुकेनं. सकाळी उपाशीपोटी रक्त काढायला एक सिस्टर यायची. ती अणदूरची निघाली. "आगं, मग तू माझ्या गावाशेजारचीच की!" म्हणून तिनं जी बडबड सुरू केली ती सुई टोचून झाली तरी थांबली नाही. खंडोबाच्या यात्रेत ती लहानपणी कशी हरवली होती ते सांगायची. गोष्ट रोज अर्धवट ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी मी हात पुढं करणार. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. तिच्यामुळं मी एकदाही हात मागं घेतला नाही.

जेवायला मुगाची पातळ डाळ, भाकरी, पालेभाजी, काकडी. पहिल्या दिवशी मी ताट सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात काहीतरी कुरतडल्यासारखं झालं. मला वाटलं आजार वाढला. रडत सिस्टरला सांगितलं. तिनं पोटाला हात लावला, चार प्रश्न विचारले आणि खळखळून हसली. "बाई गं, तुला भूक लागलीय!"

मला भूक ठाऊकच नव्हती. घरी ती लागायच्या आधीच कुणीतरी पाट मांडलेला असायचा. त्या दिवशी मी पालेभाजी आणि भाकरी अशी काही खाल्ली की आई बघतच राहिली. आणि थोड्या वेळानं पोट भरलं. पोट भरणं म्हणजे काय, तेही तिथंच पहिल्यांदा कळलं.

देवी कुणाची, पोरगी कुणाची

घरी आल्यावर खरी लढाई पेटली. आक्का ऐकूनच घेईनात. "अंगावर जरा मास दिसलं की डॉक्टर लोक रोग काढत्यात. आमच्या टायमाला अशा लेकराला निरोगी म्हणायचे. त्या बाईला देवीचं काय कळतंय?"

आई लग्न होऊन आल्यापासून आक्कांपुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं पदर खोचला. "आक्का, देवी तुमची हाय. पोरगी माझी हाय. तिला मी आता पाटावर बसू देणार न्हाय."

बापरे! आक्का कितीतरी दिवस आईशी बोलल्या नाहीत. मीठ पाहिजे असलं तरी मला मध्ये घालायच्या, "तुझ्या आईला म्हणावं मीठ दे." पप्पा दोघींच्या मध्ये सापडले. ते कधी भांडले नाहीत, पण एके दिवशी सकाळी उठून मला म्हणाले, "चल, चप्पल घाल." आणि आम्ही घाटशिळेच्या देवळापर्यंत चालत गेलो. परत येताना माझा दम निघाला. पायरीवर बसून मी रडले, पप्पा शेजारी बसून राहिले. त्यांनी "चल, ऊठ" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा "चप्पल घाल." पप्पा मुळात अबोल. त्या रस्त्यावर आम्ही जेवढं बोललो तेवढं आधी कधीच बोललो नव्हतो. आजारानं मला माझे पप्पा दिले, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

आक्काही अगदी दगड नव्हत्या. एकदा कुणी पेढ्यांचा प्रसाद दिला, मी आईकडं बघत उभी. आक्कांनी नखाएवढा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला. "कणभर घेतला तरी परसादच असतो," एवढंच म्हणाल्या आणि बाकीचा पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

पुढच्या तपासणीला टेप थोडी आत आली होती, पण रक्तातली सूज होती तशीच. मी मॅडमसमोर हमसून रडले. एवढं चालले, एवढं तोंड आवरलं, आणि काय उपयोग? मॅडम म्हणाल्या, "धुमसायला वर्षं लागली, विझायला महिने तरी देशील की नाही?" मला त्यांचा राग आला. आज त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

अज्जींचं ताट

वर्ष फिरलं, नवरात्र आलं. आणि बिदरकडची अज्जी आली. दर वर्षी येणारं कुटुंब. मला जेवू घातल्यावर त्यांच्या सुनेची कूस उजवली, असा अज्जींचा ठाम समज. त्यांना दुसरी कुमारिका चालेना. पप्पांनी आडून आडून सांगून बघितलं, अज्जींच्या डोळ्यांत पाणी. आक्का म्हणाल्या, "एवढं एक पान. लोक लांबून आल्यात." आई म्हणाली, "एकच पोळी वाढायची. अर्धी वाटी खीर. त्याच्यावर न्हाय."

मी बसले. पाय धुतले, कुंकू लावलं. एक पोळी झाली, भात झाला. मला भूक होती, ती भागली. आणि अज्जी दुसरी पोळी घेऊन आल्या, वर तुपाची वाटी. "तिन्नव्वा," त्या कानडीत म्हणाल्या, "खा माय, खा." ती खाल्ली. मग तिसरी पुढं आली. मी वर बघितलं. दारात आई पदराचं टोक पिळत उभी. पप्पा फरशीकडं बघत. प्रत्येकजण दुसरं कुणीतरी बोलेल म्हणून थांबलेला. माझ्या कुशीत तेच जुनं जडपण सुरू झालं, आणि मॅडमचं ते सोडून दिलेलं वाक्य कानात वाजलं.

मी तळहात ताटावर आडवा धरला. "पुरे," म्हणाले. "देवीचं पोट भरलं."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. अज्जींचा हात पोळीसकट तसाच अधांतरी. चेहरा पांढरा पडला. "काय चुकलं आमचं?" त्यांनी आक्कांकडं बघितलं. सगळ्यांनीच आक्कांकडं बघितलं. कुळाचारात शेवटचा शब्द त्यांचा.

मला वाटलं, आता बसली थोबाडीत. त्या पुढं आल्या, गुडघ्याला हात लावून कशाबशा खाली बसल्या आणि हात जोडले.

"काही चुकलं न्हाय तुमचं," त्या अज्जींना म्हणाल्या. "देवी स्वतःच्या तोंडानं बोलली, पोट भरलं म्हणून. ताट पावलं तुमचं. आता वरून घास कोंबणारे आपण कोण? उचला पान." आणि त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं.

अज्जींच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. त्याही पाया पडल्या आणि ती तिसरी पोळी त्यांनी घरातल्या सगळ्यांना प्रसाद म्हणून तुकडा तुकडा वाटली.

मी हात धुवायला आत गेले तर आक्का माठाजवळ पाठमोऱ्या उभ्या. आई त्यांच्या शेजारी. आक्का आईशी बोलत होत्या, मला मध्ये न घालता. "इतकी वर्सं देवी बसवली गं मी. पर कवा इचारलंच न्हाय तिला, माय, पोट भरलं का." आणि त्या रडायला लागल्या. आईनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

आता

सूज हळूहळू गेली. एका तपासणीत मॅडमनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "विझलं." पप्पांनी सोलापूर स्टँडवर मला मोसंबीचा रस पाजला, साखर न घालता, आणि स्वतः दोन प्लेट भजी खाल्ली आनंदानं. मी काही शिडशिडीत झाले नाही. आजही अंगानं भरलेलीच आहे आणि कुणी त्यावर बोललं तर सडेतोड उत्तर देते. पण टेप ठीक आहे, रक्त ठीक आहे, आणि पप्पा आणि मी अजून सकाळी घाटशिळेला जातो.

मानेवरचा पट्टा तर कधी गेला ते कळलंच नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई उटणं लावत होती. मानेपाशी तिचा हात थांबला. मी म्हटलं, "घास की." वळून बघितलं तर डोळे पुसत होती. उटण्याच्याच हातानं पुसले, मग चुरचुरायला लागलं म्हणून दोघी हसत सुटलो.

आज वरच्या खोल्यांचं मीच बघते. कुमारिका अजून बसतात, आणि मला ते थांबवावंसं वाटत नाही. लहान पोरीच्या पाया पडणारी माणसं जगात असावीत. फक्त आमच्याकडं ताट उचलायचं ते तिनं सांगितल्यावर, हे यात्रेकरूंना आधीच सांगितलेलं असतं. गेल्या शुक्रवारी गल्लीतली एक बारकुळी पोर बसली होती. दुसरी पोळी पुढं आल्यावर ती इतकं हळू "पुरे" म्हणाली की शेजारी उभी असून मला ऐकू आलं नाही. वाढणारी बाई पोळी टाकणारच होती.

आक्का आता खाटेवरून उठत नाहीत. कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. पण त्या पोरीचे ओठ तेवढे त्यांना दिसले. खाटेवरूनच ओरडल्या, "हात मागं घ्या, बाई! देवी काय म्हणतीय ते ऐका आधी!"

पोरगी आक्कांकडं बघून हसली आणि आपणहून पाटावरून उठली.